कोपरापासून नमस्कार

वासुदेव टिपणीसांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पणत्या उलट्या करताना. शारजातल्या आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. बायकांनी सभागृहाच्या पायऱ्यांवर पणत्या मांडल्या होत्या, तेल-वात व्हायची होती, आणि झब्बा-जाकीट घातलेला एक उंच, सडपातळ गृहस्थ एकेक पणती उचलून तिच्या बुडाशी काय छापलंय ते मोबाइलच्या उजेडात वाचत होता. "ही चिनी. ही पण चिनी," असं म्हणत त्याने अर्धी आरास कचऱ्याच्या डब्यात घातली. उरलेल्या पणत्यांवर काहीच छापलेलं नव्हतं, म्हणून त्या स्वदेशी ठरल्या.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "हे ध्यान कोण?"

"माझे मिस्टर," त्या शांतपणे म्हणाल्या.

कुंदाची नि माझी मैत्री ही अशी सुरू झाली. ओशाळून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कुठे असतात नोकरीला? तर दुबईत रास अल खोरला, फोर्कलिफ्ट विकणाऱ्या एका कंपनीत. भारतीय कंपनी का? "चिनी," कुंदा म्हणाली, आणि इतक्या निरागस चेहऱ्याने पणत्यांत तेल ओतायला लागली, की ही बाई आयुष्यभर आपल्याला हसवणार हे मला तिथेच कळलं.

वासुदेवरावांकडे याचं उत्तर तयार असे. "वहिनी, शत्रूच्या तिजोरीतून पगार काढायचा आणि मायदेशी पाठवायचा, ही पण एक आघाडीच आहे." सीमेवर झटापट झाली त्या वर्षापासून तर ते दर महिन्याला पगार घेत नसत, खंडणी वसूल करत. तरी माणूस वाईट असता तर त्यांच्याविषयी एवढं लिहायचे कष्ट मी घेतले नसते. मंडळात कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असो, कुणाची आई विमानतळावर एकटी उतरणार असो, पहिला फोन टिपणीसांना जायचा आणि ते जेवणावरून उठून जायचे. खोड एकच. देशभक्तीचा मक्ता आपल्याकडे आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती काढण्याची आमची कोणाची हिंमत नव्हती.

भारतातला एखादा युद्धपट इकडे लागला, की वासुदेवराव आख्खा शो मंडळासाठी बुक करत. तिकिटं अक्षरशः गळ्यात मारत. मग स्वतः दाराशी उभे राहून कोण आलं, कोण नाही ते बघत आणि अंधार झाला की पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत. कोण टाळ्या वाजवतंय, कोण मोबाइल बघतंय, कुणाच्या डोळ्यात पाणी आलंय, सगळी नोंद डोक्यात. एकदा मी सामोसा खात होते तर खांद्यावर बोट आलं. "वहिनी, तिकडे जवान धारातीर्थी पडतोय." तो सामोसा मला अजून पचलेला नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या तळाशी एक साधी इच्छा होती. त्यांना मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. खजिनदारकी झाली, चिटणीसपद झालं, गणपतीत पाण्याच्या बाटल्या वाटणं तर वर्षानुवर्षं झालं. पण अध्यक्षाची ती उंच पाठीची खुर्ची दर वेळी कुणा ना कुणा मोठ्या पगाराच्या माणसाकडे जायची. कुंदा म्हणायची, हे न्हाणीघरात अध्यक्षीय भाषण करतात आणि शेवटी पाण्याचा आवाज टाळ्यांसारखा सोडतात. या वर्षी मात्र वारं त्यांच्या बाजूचं होतं. समोर एकच उमेदवार, शैलेंद्र गुप्ते, अबुधाबीच्या तेल कंपनीतले साहेब, जे मंडळाच्या कार्यक्रमांना चहा झाल्यावर येत आणि जेवण झाल्यावर जात. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की यंदा टिपणीसच. सर्वसाधारण सभेला महिना राहिला होता, आणि नेमका त्याच महिन्यात तो सिनेमा आला.

एका संध्याकाळी वासुदेवराव आमच्या दारात उभे. आवाज एकदम खाली.

"वहिनी, एक डेलिकेट काम आहे. निखिल आहे का घरी? असू दे, तुम्हालाच सांगतो." निखिल म्हणजे माझे यजमान. "आमच्या कंपनीने आख्खं थिएटर बुक केलंय. चायनीज वॉर फिल्म आहे, लोखंडी पूल का काहीतरी. पर एम्प्लॉयी एक तरी गेस्ट आणायचा. हेड ऑफिसला फुल हाउसचा फोटो पाठवायचाय."

"मग कुंदाला न्या."

"ती म्हणते, घरात चिनी पणती चालत नाही तर चिनी सिनेमा कसा चालेल."

"आणि मिहिका?" ही त्यांची मुलगी, दुबईत कॉलेजला जाणारी.

"तिला सांगितलेलंच नाही. कळलं तर महिनाभर हसेल." मग म्हणाले, "पन्नास कोटी दिरहम खर्च केलेत म्हणे पिक्चरवर. म्हणजे आपले बाराशे कोटी." हे त्यांच्या तोंडून इतक्या आदराने निघालं, की त्यांनाच ते खटकलं. "पैशाचा माज, दुसरं काय. पण वहिनी, प्लीज. मंडळात बोलू नका. सभेच्या आधी हे बाहेर गेलं तर खलास."

मी गेले. उपकार म्हणून नाही. दुसऱ्याची देशभक्ती फुकटात कशी दिसते ते मला बघायचं होतं.

थिएटरच्या दाराशी वासुदेवरावांचे मॅनेजर उभे होते, मिस्टर गाओ. बुटके, टापटीप, कपाळावर घाम. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लाल लोकरीचा मफलर घातला. बाहेर माणूस भाजून निघत होता, पण सिनेमा बर्फातला असल्यामुळे आम्हाला मफलर. आतल्या एसीत तो फार कामी आला हे मात्र मान्य केलं पाहिजे. मग त्यांनी आमचे मोबाइल मागितले आणि एका पाटीवरचा कोड स्कॅन करून सिनेमाला पाच तारे द्यायला लावले. मी म्हटलं, अजून बघितला नाही. गाओ हसून म्हणाले, "यस, यस. आफ्टर सीइंग, यू विल ऑल्सो गिव्ह फाइव्ह. सो गिव्ह नाऊ." तर्क बिनतोड होता. माझ्या पलीकडे त्यांच्याच कंपनीतली अकाउंट्सची एक चिनी पोरगी बसली होती. ती कानात पुटपुटली की सिनेमाने तिकडे सगळे विक्रम मोडलेत, आणि ते कसे मोडले तिला चांगलं ठाऊक आहे, कारण तिच्या आईला ऑफिसने दाखवला, वडिलांना कारखान्याने, भावाला शाळेने, आणि आता तिला इथे. मग तिने मफलर डोक्यावरून ओढून घेतला आणि झोपून गेली.

सिनेमा सुरू झाला. भाषा चिनी, खाली इंग्रजी अक्षरं, पण वाचायची गरज पडेना. मंडळाच्या कृपेने हा सिनेमा मी अनेकदा पाहिलेला होता, फक्त बर्फ नवीन होतं. एका पुलाचं रक्षण करायचं होतं. शत्रूकडे विमानं, रणगाडे, कॉफी, सगळं होतं, फक्त नेम नव्हता. आपल्या म्हणजे त्यांच्या बाजूला एक विनोदी जवान होता. तो खिशातला प्रेयसीचा फोटो सगळ्यांना दाखवत फिरायला लागला तेव्हाच मी त्याच्या नावाने अंघोळ करून मोकळी झाले. छातीत गोळ्या घुसलेले वीर जमिनीवर पडायच्या आधी जेवढं बोलत होते, तेवढं आमचे अध्यक्ष स्नेहसंमेलनातसुद्धा बोलत नाहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच काय तो फरक.

मी सवयीने पडद्याच्या कडेला बघितलं. गाओ पडद्याकडे पाठ करून उभे होते. कोण टाळ्या वाजवतंय, कोण मोबाइल बघतंय. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली तशी मी निमूटपणे टाळ्या वाजवल्या. हसू दाबून वासुदेवरावांना कोपराने ढोसावं, "बघा, तुमचा जुळा भाऊ," असं म्हणावं म्हणून वळले, तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते सिनेमा बघत होते. आणि माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत त्यांनी मंडळाला दाखवलेल्या सिनेमांपैकी एकही त्यांनी बघितलेला नव्हता. त्या सगळ्या वेळी ते आम्हाला बघत होते. आज पहिल्यांदा थिएटरात त्यांच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती.

मध्ये एक शांत प्रसंग आला. गोळी नाही, बिगूल नाही. नायकाला एका रात्रीची रजा मिळते, तो बर्फ तुडवत घरी येतो, आणि त्याची चिमुरडी पोर दाराआड लपून आईला म्हणते, घरात कोणीतरी काका आलेत. एवढंच. दिग्दर्शक चुकून जरा वेळ माणसात आला असावा. वासुदेवरावांनी मफलर तोंडावर घेतला. मला वाटलं, एसी लागतोय. पण मफलर बराच वेळ खाली आला नाही, आणि खांदे हलत होते. मी समोर बघत राहिले. माणूस रडत असेल तर त्याच्याकडे बघू नये, एवढं मला कळतं.

सिनेमा संपल्यावर लॉबीत कॅमेरा लावलेला होता. प्रत्येक देशाच्या माणसाने आपापल्या भाषेत दोन शब्द बोलायचे, असा वरून हुकूम होता. केरळचा एक जण बोलला, फिलिपिनो मुलगी बोलली. मग गाओंनी वासुदेवरावांचा हात धरला. "मिस्टर वासू, यू आर व्हेरी मूव्ह्ड. आय सॉ. प्लीज, मदर टंग."

वासुदेवराव कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. डोळे लाल, गळ्यात लाल मफलर. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की इकडे आड तिकडे विहीर. मग त्यांनी घसा खाकरला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "असा सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. ज्यांनी बनवला आणि ज्यांनी आम्हाला आणून दाखवला, त्या सगळ्यांना माझा कोपरापासून नमस्कार." आणि कोपरं जुळवून, चांगले लांब हात जोडले.

मी खांबाआड जाऊन हसले. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पण ज्यांचं बालपण इंग्रजी शाळेत गेलं त्यांच्यासाठी सांगते. देवाला, गुरूला, आईला आपण नुसता नमस्कार करतो. कोपरापासून नमस्कार करतो तो उच्छाद मांडणाऱ्या पाहुण्याला, थापा मारणाऱ्या पुढाऱ्याला, की बाबा, धन्य आहेस, पुन्हा आमच्या वाटेला येऊ नकोस. कधी कौतुकानेही करतो, नाही असं नाही, पण त्या कौतुकातसुद्धा एक चिमटा असतो.

परतताना गाडीत वासुदेवराव अगदी खुशीत होते. "कळलं ना वहिनी? त्यांच्या थिएटरात, त्यांच्या कॅमेऱ्यासमोर! याला म्हणतात गनिमी कावा."

"कळलं," मी म्हटलं. मफलरचा विषय मी काढला नाही, आणि त्यांनीही नाही.

पण गनिमाकडे भाषांतराचं यंत्र होतं. यंत्राला टोमणा कळत नाही. कंपनीने व्हिडिओ टाकला तेव्हा खाली चिनी अक्षरं उमटली, आणि त्या अकाउंट्सच्या पोरीने वासुदेवरावांना त्यांचा अर्थ सांगितला: भारतीय मित्र अश्रू ढाळत दोन्ही बाहू जोडून वंदन करतो. नुसत्या हातांनी नव्हे, बाहूंनी! तिकडच्या लोकांना ते भयंकर आवडलं. कुणीतरी लिहिलं, ही भारतातली सर्वोच्च वंदना असून ती फक्त ऋषींना करतात. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, आपल्या सिनेमाने हिमालय ओलांडला. हेड ऑफिसमधून गाओंना शाबासकी आली. दुसऱ्या दिवसापासून गाओ सकाळी वासुदेवराव दिसले की कोपरं जुळवून वाकायला लागले. मग गोदामातले चिनी तंत्रज्ञ वाकायला लागले. एक मोठं गिऱ्हाईक फोर्कलिफ्ट बघायला आलं तर त्याचंही स्वागत कोपरापासून झालं. ते गिऱ्हाईक नेमकं कोल्हापूरचं निघालं. आपलं काय चुकलं, असं ते बिचारं वासुदेवरावांना बाजूला घेऊन विचारत होतं.

तोवर मला वाटत होतं की ही एक उत्तम गंमत आहे. मग व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आला.

कुणी टाकला ते कळलं नाही, पण त्याखाली पहिला अंगठा शैलेंद्र गुप्त्यांचा होता. मग काय, ग्रुपला ऊत आला. जे लोक आयुष्यात कधी गणपतीच्या आरतीला वेळेवर आले नाहीत, ते राष्ट्रनिष्ठेवर परिच्छेद लिहायला लागले. पणत्या फेकणारा हाच का? असं एकाने विचारलं. ज्यांच्या पणत्या फेकल्या गेल्या होत्या त्या बायकांनी मोजून एकेक टाळ्यांचं चित्र टाकलं. हे सगळं ज्या फोनांवर लिहिलं जात होतं त्यातला एकही फोन चीनमधल्या सुट्या भागांशिवाय चालत नसावा, पण ते बोलायची सोय नव्हती. वासुदेवरावांनी स्वतःच शिकवलेला धडा लोक त्यांना म्हणून दाखवत होते, आणि माझा एक हलकट कोपरा सुखावला हे कशाला नाकारू.

कुंदाचा फोन आला तेव्हा मात्र तो सुखावलेला कोपरा गप्प झाला. "जेवत नाहीयेत गं. न्हाणीघरात गेले तरी आवाज नाही. नुसतं पाणी पडतंय."

सभा रविवारी होती. सभागृह कधी नव्हे ते भरलेलं. मिहिकासुद्धा आली होती, मागे चहाच्या टेबलापाशी उभी राहून कप मांडत होती. अबुधाबीहून शैलेंद्र या वेळी चहाच्या आधी आले, त्यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं. त्यांनी पडद्यावर व्हिडिओ लावला. वासुदेवरावांचे लाल डोळे भिंतीएवढे मोठे दिसले.

"आय हॅव नथिंग पर्सनल अगेन्स्ट टिपणीस," शैलेंद्र म्हणाले. "पण अध्यक्ष हा मंडळाचा फेस असतो. हा फेस आज कोणाला सॅल्यूट करतोय? मेंबर्सना क्लॅरिटी मिळायला हवी."

"तो टोमणा होता," वासुदेवराव म्हणाले. "उपरोध. ज्याला मराठी येतं त्याला कळेल."

"सॉरी, म्हणजे आम्हाला मराठी येत नाही?"

सभेत गलका झाला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अनुपमाताई शनिवारच्या वर्गात पोरांना मराठी शिकवतात, त्यांनाच सांगू दे. सगळे माझ्याकडे वळले. मला राग आला होता. शैलेंद्रांचा आला होता, ग्रुपवरच्या परिच्छेदांचा आला होता, आणि गुडघ्यावर हात ठेवून वर्गातल्या नापास पोरासारखं बसलेल्या टिपणीसांचाही आला होता, कारण ही वेळ त्यांनीच आणली होती.

मी उठले. म्हटलं, "कोपरापासून नमस्कार आपण ज्याला करतो, त्याने पुन्हा आपल्या दारात येऊ नये अशी आपली इच्छा असते. मागच्या वार्षिक अहवालाचं वाचन संपलं तेव्हा या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तो केला होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यात कुणाला वंदन दिसत असेल तर त्यांनी शनिवारी माझ्या वर्गात यावं. पहिलीच्या पोरांबरोबर बसायची सोय होईल."

लोक हसले. हसले म्हणजे सुटले. मागून कुणीतरी ओरडलं, "यल्ला, चला, विषय खलास. टिपणीस अध्यक्ष, चहा आणा." वासुदेवरावांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशात हात घातला, न्हाणीघरात पाठ केलेलं भाषण बहुधा तिथे होतं. खुर्ची हाताच्या अंतरावर आली होती.

"वन मिनिट," शैलेंद्र म्हणाले. "नमस्कार उपरोध होता, ॲग्रीड. मग डोळे का लाल आहेत? रडणं पण उपरोध होता का?"

"अभिनय होता हो," पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं. "सांगा ना टिपणीस, अभिनय होता." दुसरा म्हणाला, "एसीने होतं तसं." लोक त्यांना वाटा काढून देत होते. त्यांनी फक्त मान हलवायची होती. मी मनात म्हणत होते, हलवा मान, सुटा एकदाचे.

वासुदेवराव उभे राहिले. त्यांनी मागे, चहाच्या टेबलाकडे बघितलं. मग कागद न काढता बोलायला लागले.

"नमस्कार खोटा होता. रडलो ते खरं होतं."

मागे मिहिका कप मांडायची थांबली.

"त्यात एक बाप एक रात्र घरी येतो. पोरगी त्याला ओळखत नाही, काका म्हणते. मी इकडे आलो तेव्हा फॅमिली व्हिसा मिळण्याइतका पगार नव्हता. पहिल्या रजेवर घरी गेलो, तेव्हा मिहिका मला काका म्हणाली. रजा संपेपर्यंत काकाच म्हणत होती. शेवटच्या दिवशी मी टॅक्सीत बसलो तेव्हा बाबा म्हणाली. आणि मला फ्लाइट पकडायची होती. तो बाप कुठल्या देशाचा आहे ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. चूक झाली असेल."

त्या सभागृहात असे बाप काही थोडे नव्हते, आणि त्या वेळी ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. शैलेंद्रांनीसुद्धा चष्मा काढून पुसला. एरवी या माणसाचं मला हसू यायचं, कधी संताप यायचा. त्या दिवशी त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला, आणि आपण त्यांना मघाशी सोडवायला गेलो होतो याची गंमत वाटली. सोडवून घ्यायचंच नव्हतं त्यांना.

मग एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले की टिपणीसांच्या भावना आपण सर्वच समजू शकतो, पण अध्यक्षपदाच्या दृष्टीने विचार करता, रडण्यासाठी आपल्याकडे आपले चित्रपट उपलब्ध आहेत. मतदान झालं. ज्या हातांनी डोळे पुसले होते तेच हात शैलेंद्रांच्या बाजूने वर गेले. नव्या अध्यक्षांनी दोन शब्द बोलून चहा होण्याआधीच अबुधाबीचा रस्ता धरला.

निखिलची शिफ्ट होती म्हणून मी टिपणीसांच्या गाडीतून परत निघाले. मिहिका गाडी चालवत होती, वासुदेवराव तिच्या शेजारी, मी नि कुंदा मागे.

"बाबा, यू नेव्हर टोल्ड मी," मिहिका म्हणाली.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"यू टोल्ड द एन्टायर मंडळ." मग सिग्नलला गाडी थांबवून ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नेक्स्ट टाइम टेक मी. नॉट अनुपमा आंटी."

"चिनी सिनेमाला?"

"एनी सिनेमा."

वासुदेवराव काचेतून बाहेर बघत राहिले. म्हणाले, "एकदा म्हणाली ना जाताना बाबा. तेवढं पुरलं मला." खुर्ची गेली त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते.

तेव्हा कुंदा बोलली. नेहमीच्या, पणत्यांत तेल ओततानाच्या आवाजात. "एकदा नाही. तुम्ही गेल्यावर ती बिल्डिंगमधल्या प्रत्येक पुरुषाला बाबा म्हणायला लागली होती. हातात बॅग दिसली की बाबा. पोस्टमन, केबलवाला, खालच्या मजल्यावरचे जोशी. तुम्हाला कळवलं असतं तर नोकरी सोडून आला असतात, म्हणून मी कळवलं नाही."

सिग्नल हिरवा झाला तरी मिहिकाने गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिला.

"वॉचमनलासुद्धा?" वासुदेवरावांनी विचारलं.

"वॉचमनला तर रोज," कुंदा म्हणाली. "तो बिचारा तिला लिमलेटची गोळी द्यायचा आणि सांगायचा, बाबा येतील."